सुताराचे पान

आपल्या धर्मशास्त्राने गृहस्थाच्या माथी जी पाच नित्यकर्मे मारली आहेत, त्यांतील भूतयज्ञ मला नेहमीच विशेष जवळचा वाटत आलेला आहे. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण मानणारे समाज पुष्कळ सापडतील. परंतु जेवायला बसण्यापूर्वी कावळ्याचा, कुत्र्याचा आणि मुंगीचा वाटा बाजूला काढून ठेवणे हे घराच्या दैनंदिन हिशेबातच बसवून टाकणारी व्यवस्था मोठ्या दूरदृष्टीची म्हटली पाहिजे. आमच्या घरी वैश्वदेव आता सणावारीच होतो. तथापि आई अजूनही दुपारी पानावर बसण्याआधी मागील दारच्या पेळेवर भाताची मूद ठेवते. कावळा येतो, साळुंक्या येतात, खारीही धीटपणे येऊन शिते उचलून नेतात. ही सर्व मंडळी निमंत्रणाची वाटदेखील पाहत नाहीत.

परंतु परसात असाही एक पाहुणा असतो, की जो वाढलेल्या पानाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला भात नको, जोंधळा नको, चतकोर भाकरीही नको. तो आपला शेजारच्या वठलेल्या झाडावर पोट टेकून, मान मागे घेऊन, ठकठक ठकठक आपले काम करीत असतो. हा सुतार पक्षी. त्याला खाऊ घालायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी पडला. त्याचे उत्तर शोधताना माझ्या वकिलीच्या विद्येलाही थोडे काम मिळाले. त्याचीच ही हकीकत.

प्रथम त्याच्या कुलाविषयी. सुतार हा आपल्याकडचा फार जुना रहिवासी आहे. यजुर्वेदात अश्वमेधाच्या प्रसंगी निरनिराळ्या देवतांना निरनिराळे पशुपक्षी नेमून दिल्याची जी लांबलचक यादी आहे, तीत ‘दार्वाघाट’ हा वनस्पतींच्या वाट्याला आलेला आहे. दारू म्हणजे लाकूड. त्यावर आघात करणारा तो दार्वाघाट. नाव ठेवणाऱ्याने या पक्ष्याला कान लावून ऐकले होते, यात शंका नाही. अमरकोशात याच पक्ष्याला ‘शतपत्रक’ असेही म्हटले आहे. पालीतल्या जातककथांत तोच ‘सतपत्त’ होऊन भेटतो. त्यांतली कुरुंगमृगाची कथा मला, व्यवसायामुळे असेल, फार आवडते. हरीण, कासव आणि सुतार हे तिघे मित्र. हरीण पाशात सापडते. कासव चामड्याचा पाश कुरतडू लागते. पण त्याला वेळ लागणार, आणि पारधी तर पहाटेस निघणार. तेव्हा सुतार पारध्याच्या घरी जाऊन दाराशी टपून बसतो आणि तो बाहेर पडताच त्याच्या तोंडावर झडप घालतो. पारधी अपशकुन समजून मागे फिरतो. मागील दाराने निघाला तर तेथेही तेच. एवढ्या अवधीत कासवाचे काम होत येते. कोर्टाच्या भाषेत सांगायचे तर सुताराने हरणाला जन्मठेपेतून सोडवले नाही. त्याने फक्त स्थगिती मिळवून दिली. आणि ज्याने आयुष्यात चार खटले पाहिले आहेत, त्याला वेळेवर मिळालेल्या स्थगितीचे मोल सांगावे लागत नाही.

आता ओळख. ओळख परेडीत साक्षीदार किती ठामपणे भलत्याच माणसाकडे बोट दाखवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. सुताराच्या बाबतीतही हेच घडते. अंगणात हिरवळीवर चालत, लांब बाकदार चोच जमिनीत खुपसणारा आणि मधूनच डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उलगडणारा बदामी पक्षी पाहून कित्येक सुशिक्षित गृहस्थ ‘हा पाहा सुतार’ असे सांगतात. तो सुतार नव्हे, तो हुदहुद. तो अन्न शोधतो जमिनीत. लाकूड फोडणे हा त्याचा धंदाच नाही. दुसरा घोटाळा तांबटाचा. वडाच्या शेंड्यावर बसून तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा टुक्‌ टुक्‌ असा एकसुरी आवाज दुपारभर काढणारा तो हिरवा, ठेंगणा पक्षी सुताराचा दूरचा भाऊबंद खरा. मऊ लाकडात घरही कोरतो. पण त्याचा तो आवाज गळ्यातून निघतो, लाकडातून नव्हे. शिवाय त्याचे मुख्य अन्न फळे.

खरा सुतार ओळखावा तो बसण्याच्या ढबीवरून. इतर पक्षी फांदीवर आडवे बसतात. हा खोडाला उभा चिकटतो. पायांची दोन बोटे पुढे व दोन मागे वळलेली, आणि शेपटीची पिसे इतकी ताठर, की तीच त्याला तिसऱ्या पायासारखी टेकू देतात. बुंध्यापाशी उतरावे, मग झटक्याझटक्याने, खोडाभोवती नागमोडी वळत वर चढावे, आणि पाहणाऱ्याची चाहूल लागली की हळूच खोडाच्या पलीकडल्या बाजूस सरकावे, ही त्याची रीत. उडतानाही तो लाटेवर नाव वरखाली व्हावी तसा हिंदकळत जातो.

आमच्या अंत्रुज महालातील कुळागरांत आणि माडांच्या भाटांत जो सर्वांत अधिक दिसतो तो सोनपाठी सुतार. साळुंकीहून चांगलाच मोठा, सोन्याच्या मुलाम्याची पाठ, काळ्या गळ्यावर पांढरे ठिपके, आणि शेपटीच्या मुळाशी पाठ काळी. नराचे कपाळ व तुरा सगळा लालभडक. मादीचा तुरा मागे लाल आणि पुढील भाग काळा, त्यावर पांढरी टिंबे. लिनीअसने १७५८ साली याला बंगालचे नाव देऊन टाकले; पण तो बंगालचा जितका, तितकाच आपलाही आहे. सह्याद्रीच्या बाजूस सरकले की याचा एक मोठा जातभाई भेटतो. त्याच्याही पाठीवर सोने आहे. मात्र शेपटीच्या मुळाशी काळ्याऐवजी लाल रंग, आणि गालावर मिशीसारख्या दोन काळ्या रेघा. या दोहोंतील फरक एकदा ध्यानात आला, की मग पुरावा पक्का.

याशिवाय चिमणीएवढा, ठिपक्याठिपक्यांचा पिटुकला सुतार आहे. पंखांवर काळी हृदयाकृती टिंबे वागवणारा आखूड शेपटीचा आहे. आणि वीटकरी रंगाचा तांबूस सुतार तर असा विलक्षण, की झाडावर मुंग्यांनी बांधलेल्या काळपट गोळ्यासारख्या वारुळातच बीळ करून तो अंडी घालतो. घाटातल्या जुन्या रानात कावळ्याहूनही मोठा, काळाकभिन्न, पांढऱ्या पोटाचा आणि लाल तुऱ्याचा सुतार क्वचित दर्शन देतो. बेळगावच्या पूर्वेस, पठारावर, तसेच इंदूर-ग्वाल्हेर-वडोद्याकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांनी मात्र आणखी एकाकडे अवश्य लक्ष द्यावे. आंबराईत आणि बाभळींवर वावरणारा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, माथ्यावर पिवळट छटा असलेला हा साळुंकीहूनही लहान पक्षी. लॅथम नावाच्या इंग्रज पंडिताने १८०१ साली त्याचे नामकरण केले ते ‘महरत्तेन्सिस’ असे, म्हणजे मराठ्यांचा! मराठी माणूस जेथे जेथे जाऊन स्थायिक झाला, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी त्याचा हा नामबंधू आधीपासूनच घर कोरून बसलेला होता, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटते.

दिवसभर लाकडावर डोके आपटणाऱ्या या प्राण्याचे डोके दुखत कसे नाही, असे माझ्या लेकीने विचारले होते. याचे ठरीव उत्तर असे, की त्याच्या कवटीत स्पंजासारखी गादी असून ती धक्का शोषून घेते. हे उत्तर पुस्तकापुस्तकांतून फिरत आले. पण २०२२ साली बेल्जियममधील संशोधकांच्या पुढाकाराने काही सुतारांची अतिशीघ्र चित्रे घेऊन तपासणी झाली, आणि आढळले ते उलटेच. कवटी धक्का शोषीत नाही. ती घट्ट हातोड्यासारखी वागते. विचार करता हे सरळच आहे. हातोड्याला गादी लावली तर खिळा ठोकला जाईल कसा? पक्ष्याचा मेंदूच मुळी इतका लहान, की त्याला त्या आघाताची बाधा होत नाही. आणि जीभ? ती चोचीच्या कितीतरी बाहेर जाते. तिला आधार देणारी लवचीक हाडे घशाकडून निघून कवटीला मागून वेढा घालून वर कपाळापर्यंत येतात. लाकडातल्या वाकड्या बोगद्यात दडलेली अळी या चिकट, काटेरी टोकाच्या जिभेने तो बाहेर ओढतो.

तर असा हा पाहुणा. याला वाढायचे काय? युरोप-अमेरिकेत परसात जाळीच्या पिंजऱ्यांतून जनावरांच्या चरबीचे गोळे टांगतात आणि कडाक्याच्या थंडीत तिकडचे सुतार ते आवडीने खातात, असे मी वाचले. ती चरबी बहुधा गोवंशाची, तेव्हा ती आमच्या दारात टांगण्याचा प्रश्नच नव्हता. पण धर्माची गोष्ट बाजूला ठेवली तरी कोकणच्या उन्हात चरबी वितळून नासणार आणि पिसांना चिकटून पक्ष्याला उपद्रव देणार. दुसऱ्याच्या देशातले ताट आपल्या अंगणात मांडून चालत नाही.

सोनपाठी सुताराचे खरे अन्न मुंग्या, त्यांची अंडी, आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. जोडीला पिकलेल्या फळांचा गर आणि फुलांतला मध. माघ-फाल्गुनात सांवर व पांगारा फुलले म्हणजे लाल फुलांत लाल तुरा खुपसून बसलेला सुतार अनेकांनी पाहिला असेल. म्हणजे त्याला खाऊ घालायचे तर परसात सांवर किंवा पांगारा असावा. एखादी पपई झाडावरच पिकू द्यावी. उन्हाळ्यात दगडी डोणीत उथळ पाणी ठेवावे. आणि मुंगी दिसली की विषारी पूड घेऊन धावू नये. पण या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मेलेले लाकूड. वठलेली फांदी आपल्याला केवळ सरपण दिसते. त्याच्या दृष्टीने ते भरलेले कोठार आहे. कावळ्याला पान वाढावे लागते. सुताराचे पान निसर्गाने आधीच मांडून ठेवलेले असते. आपण फक्त ते उचलून टाकू नये, एवढीच अपेक्षा.

हे तत्त्व म्हणून सोपे. आचरणात आणताना मात्र त्यात शेजारी येतो.

आमच्या हद्दीवर एक जुना माड होता. आजोबांनी लावलेला. गेंड्या भुंग्याने त्याचा कोंब खाल्ला, आणि दोन पावसाळ्यांत झावळ्या गळून तो नुसता खांब उरला. त्या खांबात वरून चार हातांवर सोनपाठी सुताराच्या जोडीने गेल्या चैत्रात घर कोरले. माडापलीकडे शेजाऱ्यांचा गोठा. शेजारी वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, देवळातल्या पालखीला खांदा देणारे, वागण्याला सरळ. एक दिवस ते गडग्यापाशी येऊन म्हणाले, “वकीलबाब, माड गोठ्यार पडलो जाल्यार म्हज्या गोरवांचें कितें जातलें?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण प्रश्न न्याय्य होता. आपल्या जमिनीतले झाड मेलेले आहे, ते दुसऱ्याच्या मालमत्तेवर पडण्याजोगे आहे, हे ठाऊक असूनही जो स्वस्थ बसतो, त्याच्यावर नुकसानीची जबाबदारी येते, हे मी स्वतः अनेक अशिलांना सांगितले आहे. त्यांच्या बाजूने आणखीही एक मुद्दा होता, आणि तो त्यांनीच मांडला. गेंड्या भुंगा अंडी घालतो ती कुजक्या माडाच्या खोडांत आणि शेणाच्या खड्ड्यांत. मेलेला माड उभा ठेवणे म्हणजे जिवंत माडांच्या शत्रूला बाळंतखोली उघडून देणे. सुतार अळ्या खातो खरा. पण अख्ख्या भाटाचे राखण करणे त्याच्या आवाक्यातले नाही. पक्षिप्रेमाच्या भरात हे दडवणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम होती. पाडेली माडावर चढून, भोकाला कान लावून खाली आला आणि दोनच शब्दांत साक्ष देऊन गेला: “भितर पिलां आसात.” १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या कलमात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत रानपक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरट्याला धक्का लावणे हेही येते. बंदूक हाती न धरताही माणूस शिकारी ठरू शकतो. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्या मनात कलम नव्हते. आई मागल्या दारी उभी होती. ती एवढेच म्हणाली, “घरात बाळंतीण असताना कोणी छप्पर उतरवीत नाही.”

गोव्यातील वाचकांना मुंडकार शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला सहजासहजी हुसकून लावता येऊ नये, म्हणून १९७५ साली येथे खास कायदा झाला. त्या कायद्याखालचे दावे मी दोन्ही बाजूंनी चालवले आहेत. हे कुटुंब माझ्या माडातले मुंडकारच होते. फरक इतकाच, की त्यांच्याजवळ कागद नव्हता आणि त्यांना वकीलही नव्हता. म्हणून मी शेजाऱ्यांच्या ओटीवर जाऊन बसलो, तो मालक म्हणून नव्हे; त्यांचा वकील म्हणून.

मी मुदत मागितली. सुताराची पिले अंड्यातून बाहेर आल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत उडू लागतात. मृग नक्षत्र लागायला अजून महिना होता. वादळी पाऊस त्यानंतरचा. तोवर माडाला तिन्ही बाजूंनी दोर बांधून तो गोठ्याच्या उलट दिशेस ताणून ठेवावा. गुरे आमच्या मांगरात बांधावीत. आणि पिले उडताच माड माझ्या खर्चाने पाडून, कुजका भाग जाळून टाकावा, अशी माझी बोलणी होती. म्हाताऱ्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग ते उठले, आणि गुरे बांधण्याची दावी घेऊन आले. आमचा तडजोडीचा दस्तऐवज तेवढाच. त्यावर ना स्टँप, ना सही.

त्यानंतरचे अडीच आठवडे दोन्ही घरांचे लक्ष एका भोकाकडे लागलेले होते. नर-मादी आळीपाळीने येत, खोडाला चिकटत, आणि आत डोके घालून भरवीत. पुढे पुढे पिलेच तोंड बाहेर काढून ओरडू लागली. शेजाऱ्यांच्या घरातली मुले शाळेच्या सुटीत गडग्यावर रांगेने बसत. एके सकाळी म्हातारेबाबाच मला हाक मारून सांगू लागले, की पहिले पिलू उडून कुळागरात गेले. त्यांच्या स्वरात तक्रारदार कोठे शिल्लक नव्हता. आणखी दोन दिवसांनी घर रिकामे झाले. आवश्यक त्या परवानगीचे सोपस्कार उरकून, मृगाच्या चार दिवस आधी माड पडला. कुजके खोड जाळले. त्यात गेंड्या भुंग्याच्या अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या, तेव्हा शेजाऱ्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते हेही सिद्ध झाले.

घराचा तेवढा तुकडा पाडेल्याने अलगद कापून दिला. तो साफ करून, उन्हात वाळवून आम्ही परसातल्या आंब्याला बांधला. सुतार बहुधा जुन्या घरात पुन्हा संसार थाटत नाही; तो दर हंगामी नवे कोरतो. पण त्याने सोडलेले घर ओस पडत नाही. पोपट, दयाळ, साळुंकी, पिंगळा अशा अनेकांना भोक हवे असते आणि कोरण्याची चोच नसते. रानातील निम्म्या बिऱ्हाडांचा हाच एक बांधकामदार. आमच्या तुकड्यात यंदा दयाळाने घरटे केले. आणि सुताराची जोडी? त्याच आंब्याची एक वठलेली फांदी, घरापासून दूर झुकलेली, कोणालाही धोका नसलेली, आम्ही तशीच ठेवली होती. ठकठक आता तेथून ऐकू येते.

या प्रकरणातून मला सामान्य न्याय काढायचा झाला तर तो एवढाच: प्रत्येक मेलेले झाड राखावे असे नाही, आणि प्रत्येक पाडावे असेही नाही. वाटेवरचे, छपरावरचे, रोग पसरवणारे झाड पाडलेच पाहिजे. पण विणीचे दिवस, म्हणजे साधारणपणे माघापासून आषाढापर्यंतचा काळ, टाळता येतो का हे आधी पाहावे, आणि टाळता येत नसेल तर निदान भोकात कान लावून मग कुऱ्हाड उचलावी. माडाच्या बाबतीत आणखी एक सांगितले पाहिजे. माडाच्या खोडाला झालेली जखम इतर झाडांसारखी भरून येत नाही. म्हणून जिवंत माडाला भोक पडलेले पाहून भाटकार चिडला तर त्याला वेड्यात काढू नये. त्याला शेजारी आंब्याची, जांभळाची किंवा सांवरीची एखादी सुकी फांदी ठेवण्यास सुचवावे. मऊ, कुजके लाकूड हाताशी असता सुतार विनाकारण कठीण लाकडाशी झगडत नाही.

शेवटी एक विनंती आपल्या देवस्थानांच्या मंडळींना. देवळांच्या आवारांत अलीकडे फरशी घालण्याचा आणि सर्व काही चकचकीत करण्याचा उत्साह फार वाढला आहे. स्वच्छता हवीच. पण अग्रशाळेमागचा म्हातारा वड, तळीकाठचा अर्धा वठलेला आम्र, देवराईतले पडके खोड, हे सारे केर या सदरात मोडत नाही. देवराईतल्या वाळक्या काटकीलाही हात लावू नये, असा दंडक आपल्या पूर्वजांनी घातला, तेव्हा त्यांच्यापुढे पक्षिशास्त्राचे ग्रंथ नव्हते. पण रानात मेलेल्याचाही कोणी धनी असतो, हे त्यांना उमगलेले होते. महाप्रसादाच्या पंगतीत आपण शेकडो पाने मांडतो. देवाच्या आवारात कोपऱ्यातले एक वाळके झाड सुताराच्या नावाने राहू द्यावे. त्याच्यासाठी वाढपी लागत नाहीत, खर्चही पडत नाही. आणि दुपारच्या शांततेत, नैवेद्याची घंटा थांबल्यावर, जेवण पोचल्याची ठकठक पावती तो स्वतःच देतो.